तेहतीस म्हणजे तेहतीस काय? पीएसआय, बार आणि 'किलो'चा घोळ

आजचा भाग प्रवासात ऐकत असाल तर उत्तम, कारण विषय तुमच्या गाडीच्या टायरमध्येच भरलेला आहे. ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून या भागातले सगळे हिशोब इथे जसेच्या तसे लिहून ठेवलेत. घाई असेल तर वाचा, नसेल तर ऐका.

पेट्रोलपंपावरचा संवाद आठवा. हवा भरणारा विचारतो, "किती?" आपण म्हणतो, "तेहतीस." तो मशीनवर तेहतीस लावतो, नळी जोडतो, टुं-टुं वाजतं, की पुढचं चाक. दोन मिनिटांत काम झालं. या सगळ्यात तेहतीस काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. गरजच पडत नाही, कारण आपल्याकडे पंपावर पीएसआयशिवाय दुसरी भाषा चालत नाही.

घोळ कधी सुरू होतो? ऑनलाइन मागवलेला तो छोटा, चार्जिंगवाला पंप डिकीतून बाहेर निघतो तेव्हा. त्याच्या स्क्रीनवर दिसतं २.३. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला चिकटवलेलं स्टिकर बघावं, तर तिथे २३०. गॅरेजवाल्या काकांना फोन लावावा, तर ते म्हणतात, "सव्वादोन किलोच्या जरा वर ठेव रे." आता खरं कुणाचं? गंमत अशी की सगळ्यांचं. तेहतीस पीएसआय, २.३ बार, २३० किलोपास्कल आणि सव्वादोन किलोच्या जरा वर, हे चारही आकडे एकाच दाबाची चार नावं आहेत.

मग यात एवढा भाग करण्यासारखं काय आहे, असं वाटेल. फोनवर टाइप केलं की गूगल दोन सेकंदांत रूपांतर करून देतंच की. देतं, पण तुम्ही त्याला योग्य प्रश्न विचारला असेल तरच. दाबाच्या बाबतीत चुका गुणाकार-भागाकारात फार कमी होतात. त्या होतात दोन साध्या प्रश्नांवर: हा आकडा कोणत्या मापातला आहे, आणि तो शून्य कुठून धरून मोजलाय? दुसरा प्रश्न विचित्र वाटतोय ना? त्यावर येतोच. आधी पहिला.

पीएसआय म्हणजे पौंड पर स्क्वेअर इंच. एका चौरस इंचावर किती पौंडांचा भार. दाब म्हणजे नुसतं वजन नाही, ते किती जागेवर पसरलंय हेही त्यात येतं. चप्पल घातलेल्या माणसाचा पाय पडला तर आपण "अगं बाई" म्हणतो, आणि तेच वजन टोकदार हिलच्या टाचेवरून आलं तर पुढचे दोन दिवस लंगडतो.

हेच गाडीला लावून बघू. समजा माणसं धरून गाडीचं वजन १२०० किलो. चार चाकं, म्हणजे प्रत्येकावर ३०० किलो. टायरमध्ये तेहतीस पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३२ किलो. ३०० भागिले २.३२, उत्तर आलं १२९ चौरस सेंटीमीटर. आता हातातला मोबाइल बघा. साधारण १६ सेंटीमीटर लांब, पावणेआठ सेंटीमीटर रुंद, म्हणजे सव्वाशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास. तुमची अख्खी गाडी रस्त्याला एवढीच टेकलेली असते: चार मोबाइल, बस्स. टायरची भिंतही थोडा भार उचलते म्हणून हा हिशोब ढोबळ आहे, पण चित्र खरं आहे.

हवा कमी झाली की हा मोबाइल मोठा होतो, कारण तेच वजन पेलायला टायर जास्त पसरतो. पसरला की प्रत्येक फेऱ्याला त्याची भिंत दुमडते आणि सरळ होते. तार वाकवून-वाकवून तोडताना ती गरम होते ना, तसाच टायरही तापतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. अशा रस्त्यावर उन्हाळ्यात, पूर्ण सामानासह, तास-तास एका वेगात जाताना कमी हवेच्या टायरला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणून हा आकडा नीट वाचता येणं हा नुसता सामान्यज्ञानाचा प्रश्न नाही.

तर पीएसआयवरून 'किलो'वर कसं जायचं? एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. इथे बरेच जण सरळ ०.४५३६ ला २.५४ ने भागून मोकळे होतात, आणि उत्तर अडीचपट चुकतं. कारण आपल्याला इंच नकोय, चौरस इंच हवाय. २.५४ गुणिले २.५४, म्हणजे ६.४५ चौरस सेंटीमीटर. आता ०.४५३६ भागिले ६.४५, उत्तर ०.०७०३. म्हणजे एक पीएसआय बरोबर दर चौरस सेंटीमीटरला ०.०७ किलो. उलट्या बाजूनं बघितलं, तर एक 'किलो' म्हणजे १४.२ पीएसआय. ही एवढी एक पायरी स्वतः कागदावर करून बघा, म्हणजे पुढे कुठलाही तक्ता पाठ करावा लागणार नाही.

आता या 'किलो'बद्दल थोडं, कारण हा आपल्याकडचा खास घोळ आहे. भोसरी, चाकण, अंबड, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा. काँप्रेसरजवळ उभा असलेला माणूस म्हणेल, "लाइनला सहा किलो प्रेशर आहे." त्याला म्हणायचं असतं, दर चौरस सेंटीमीटरला सहा किलो. भारतीय रेल्वेच्या डब्यांत एअर ब्रेकची मुख्य नळी पाच किलोवर भरलेली असते, तीही याच अर्थानं. पाच किलो म्हणजे ७१ पीएसआय, कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. इथवर ठीक. पण सीएनजी पंपावर रिक्षावाला म्हणतो, "तीन किलो गेला," तेव्हा तो गॅसचं वजन सांगतोय, दाब नाही. गाडीतल्या सीएनजी टाकीचा दाब असतो २०० बारच्या घरात, जवळजवळ २९०० पीएसआय. आणि तिसरा किलो म्हणजे किलोपास्कलमधला. तिथे किलो म्हणजे नुसतं 'हजार'. एक चौरस सेंटीमीटरवाला किलो म्हणजे ९८ किलोपास्कल. त्यामुळे अपरेंटिसला लागलेल्या पोराला सीनियरनं "पाच किलो ठेव" सांगितलं आणि त्यानं मीटरवर पाच किलोपास्कल बघितलं, तर फरक दोन-पाच टक्क्यांचा नाही, जवळपास शंभरपटीचा.

आपण मेट्रिक कधी झालो? वजनमापांचा कायदा १९५६ चा, नवे पैसे आले १९५७ ला. शेर, मण, तोळे हळूहळू मागे पडले (तोळा सोडून, तो सोनाराच्या दुकानात अजून ठाण मांडून आहे). पण टायर मात्र दोन डगरींवर पाय ठेवून उभा राहिला. टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं ते वाचा: १८५/६५ आर १५. यातले १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत दोन देश! मग आतली हवा पीएसआयमध्ये मोजली तर नवल काय.

शास्त्राच्या पुस्तकातलं अधिकृत माप आहे पास्कल, फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलच्या नावावरून. हे नाव अधिकृत झालं १९७१ मध्ये. पास्कल फार म्हणजे फारच छोटा. झेरॉक्सचा एक साधा ए-फोर कागद टेबलावर पसरला, की तो खालच्या टेबलावर पाऊण पास्कलहून जरा जास्त दाब देतो. टायरची हवा पास्कलमध्ये सांगायची तर सव्वादोन लाख म्हणावं लागेल. म्हणून व्यवहारात त्याची हजाराची जुडी करतात, किलोपास्कल, आणि लाखाची जुडी, तिचं नाव बार. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. म्हणून २.३ बार आणि २३० किलोपास्कल यांत फक्त दशांशचिन्ह सरकतं.

तोंडी हिशोबासाठी माझ्या आवडीच्या तीन युक्त्या. किलोपास्कलचे पीएसआय करायचे असतील तर सातानं भागा. २३० भागिले सात, ३२.९, म्हणजे तेहतीस. खरा भाजक ६.८९५ आहे, त्यामुळे चूक दीड टक्क्याची होते, आणि पंपावरचा गेज स्वतः तेवढा अचूक असला तरी पुष्कळ. बारचे पीएसआय करायचे तर पंधरानं गुणा आणि मूळ आकड्याचा अर्धा वजा करा. २.३ गुणिले १५ म्हणजे ३४.५, त्यातून १.१५ गेले, उरले ३३.३५. खरं उत्तर ३३.३६. आणि उलट, पीएसआयवरून बारवर यायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ३० म्हणजे दोनच्या किंचित वर, आणि पुढच्या प्रत्येक तीन पीएसआयला ०.२ बार मिळवा. ३३ म्हणजे २.३, ३६ म्हणजे अडीच. बार आणि चौरस सेंटीमीटरवाला किलो यांत फरक फक्त दोन टक्क्यांचा, टायरसाठी ते एकच समजा.

गूगलवर टाकलंत तर ते सांगेल ३३.३५८७. यातला तेहतीस घ्या, बाकी सोडून द्या. दशांशानंतरचे चार आकडे बघून उगाच विश्वास वाटतो, पण स्टिकर छापणाऱ्यानंच २३० हा आकडा गोल करून लिहिलेला असतो.

आता तो दुसरा प्रश्न. शून्य कुठून धरलं?

टायर पंक्चर होऊन पूर्ण बसला. गेज लावला, आकडा आला शून्य. पण टायरच्या आत हवा नाही का? आहे. बाहेर जेवढी आहे तेवढीच. आपल्या डोक्यावर वातावरणाचा जो थर आहे तो समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला एक किलोहून थोडा जास्त भार देतो, म्हणजे १४.७ पीएसआय. हा भार तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनवरही आहे. मघाचे सव्वाशे चौरस सेंटीमीटर आठवा: म्हणजे स्क्रीनवर सव्वाशे किलोहून जास्त! काच फुटत नाही, कारण फोनच्या आतही हवा आहे आणि ती तितक्याच जोरानं बाहेर ढकलते. टायरचा गेज हा बाहेरचा भार हिशोबातच धरत नाही. तो फक्त "बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त" एवढंच सांगतो. याला म्हणतात गेज दाब. आणि पोकळीपासून, म्हणजे खऱ्या शून्यापासून मोजला तर तो निरपेक्ष दाब. गेजवर तेहतीस असेल तर निरपेक्ष दाब ३३ अधिक १४.७, म्हणजे ४७.७ पीएसआय. कुठलंही कन्व्हर्टर अ‍ॅप हा फरक ओळखत नाही. त्याला तुम्ही आकडा दिलात, ते गुणून देणार. आकडा गेजचा होता की निरपेक्ष, हे तुम्हालाच माहीत असायला हवं.

हा फरक बघायला एक छान खिडकी तुमच्या खिशात असू शकते. बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटर असतो, म्हणजे हवेचा दाब मोजणारी चिप. सगळ्यांत नसतो, स्वस्तातल्या फोनमध्ये सहसा नाही. सेन्सर दाखवणारं एखादं फुकटचं अ‍ॅप टाकून तपासता येतं. हा सेन्सर निरपेक्ष दाब सांगतो, आणि तो हेक्टोपास्कलमध्ये. हेक्टो म्हणजे शंभर. समुद्रसपाटीचा सरासरी आकडा १०१३.

पुण्यात कुणी हे करून बघितलं, तर फोन सांगेल साडेनऊशेच्या आसपास. त्याच वेळी हवामानाचं अ‍ॅप उघडलं तर तिथे पुण्याचाच दाब हजाराच्या पुढे. फोन बिघडलाय का? अजिबात नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, डोक्यावरची हवा तेवढी कमी. फोन खरोखर तिथे आहे तो दाब सांगतोय. हवामानवाले मात्र सगळ्या गावांचे आकडे "हे गाव समुद्रकाठी असतं तर किती असता" असे दुरुस्त करून देतात. नाहीतर नकाशावर प्रत्येक डोंगर म्हणजे कमी दाबाचा पट्टा दिसला असता आणि खरं वादळ त्यात हरवून गेलं असतं. दोन्ही आकडे हेक्टोपास्कलमध्ये, दोन्ही बरोबर, पण शब्द एक आणि अर्थ दोन.

आता बाइकवाल्यांचा आवडता रस्ता घेऊ. लेह. उंची साधारण साडेतीन हजार मीटर, तिथला हवेचा दाब ६६० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे ९.६ पीएसआय. समजा मुंबईत ३० अंश तापमानात टायर तेहतीसवर भरला आणि एक थेंबही हवा न गळता तो लेहला पोचला. आतला निरपेक्ष दाब ४७.७. बाहेर फक्त ९.६. तापमान तेच राहिलं तर गेज दाखवेल ३८. हवा कुणी भरली नाही, तरी पाच पीएसआय वाढले! तीच गोष्ट वेफर्सच्या पाकिटाची. घाटात ते टम्म फुगतं ना, त्याचं कारण हेच: आतली हवा तीच, बाहेरचा हात सैल झाला.

पण पहाटे लेहला पारा पाच अंशांवर आला तर? थंडीनं हवेचा दाब उतरतो, आणि उतरतो तो निरपेक्ष दाब, निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात. ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, ५ अंश म्हणजे २७८. ४७.७ गुणिले २७८ भागिले ३०३, आले ४३.८. त्यातून बाहेरचे ९.६ वजा, उरले ३४. म्हणजे उंचीनं जे दिलं ते थंडीनं जवळपास काढून घेतलं. म्हणूनच "लेहला जाताना हवा कमी करून जा" आणि "जास्त भरून जा" हे दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात, आणि दोन्ही देणाऱ्यांना आपापला अनुभव खरा वाटतो. कंपनीनं दिलेला आकडा गेजचा असतो आणि थंड टायरचा असतो. त्यामुळे जिथे आहात तिथे सकाळी, गाडी निघायच्या आधी, गेज लावा आणि त्या आकड्यावर आणा. दुपारी तापलेल्या टायरचा वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका, रात्री तो टायर कमी हवेचा निघेल.

फोनमधल्या त्या चिपचा थोरला भाऊ विमानात असतो, आणि तिथे हा मापांचा घोळ जिवावर येऊ शकतो. विमानाचा उंचीमापक मुळात बॅरोमीटरच. दाब कमी म्हणजे उंची जास्त, एवढंच त्याला कळतं. पण हवामानानुसार जमिनीवरचा दाबही रोज बदलतो, म्हणून उतरण्याआधी वैमानिक कंट्रोल टॉवरकडून त्या दिवशीचा दाब विचारून घेतो आणि यंत्रात लावतो. भारतात आणि जगाच्या मोठ्या भागात हा आकडा हेक्टोपास्कलमध्ये मिळतो. अमेरिकेत मात्र पाऱ्याच्या इंचांमध्ये. पारा मध्येच कुठून आला? इटलीच्या टोरिचेल्लीनं १६४० च्या दशकात पाऱ्यानं भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, तेव्हा बाहेरच्या हवेनं नळीतला पारा ७६० मिलिमीटरच्या आसपास तोलून धरला. ७६० मिलिमीटर म्हणजे २९.९२ इंच म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. युरोपनं मिलिमीटर धरला, पुढे सोडला. अमेरिकेनं इंच धरला तो धरलाच.

आता हे दृश्य कल्पनेत आणा. आयुष्यभर इंचांत उडवणारा वैमानिक लांबचा प्रवास करून परदेशात उतरतोय. वादळी हवा. टॉवर सांगतो, "नऊ नऊ दोन." म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल. दमलेल्या कानाला ते ओळखीच्या "दोन नऊ नऊ दोन"सारखं ऐकू येतं, आणि हात २९.९२ इंच लावून मोकळा होतो. यंत्राला वाटतं खाली १०१३ आहे. प्रत्यक्षात आहे ९९२. फरक २१ हेक्टोपास्कल. जमिनीजवळ दर हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट पडतात, म्हणजे जवळजवळ ६०० फूट. उंचीमापक १००० फूट दाखवत असताना विमान खरं तर ४०० फुटांवर असतं. हा गोंधळ वैमानिकांच्या प्रशिक्षणात मुद्दाम शिकवला जातो, कारण तो खरोखर होत आलाय.

यातला खरा कावेबाजपणा बघा. १००० च्या खालचे आकडे येतात ते हवामान बिघडलेलं असताना, कमी दाबाचा पट्टा डोक्यावर असताना. मुंबईतही भर पावसाळ्यात दाब हजाराच्या आसपास उतरतो. म्हणजे चूक व्हायची सगळ्यात जास्त शक्यता नेमकी तेव्हा, जेव्हा खिडकीतून धावपट्टी दिसत नाही आणि वैमानिकाचा सगळा भरवसा त्या एका आकड्यावर असतो. म्हणून ब्रिटनच्या रेडिओ-संभाषणाच्या नियमांत लिहिलंय की आकडा १००० च्या खाली असेल तर त्याला 'हेक्टोपास्कल' हा शब्द जोडायचाच. एका शब्दानं ६०० फूट वाचतात.

बाकीची दोन-तीन ठिकाणं पटकन उरकू. डॉक्टरांचं १२०/८० हे पाऱ्याचे मिलिमीटर, आणि तोही गेज दाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १२० नं जास्त. पीएसआयमध्ये सांगायचं तर जेमतेम २.३. हृदय टायरइतकं फुगवत नाही, पण विसावाही घेत नाही. इथे रूपांतर करायच्या फंदात पडू नका, जगभरातले डॉक्टर बहुतेक हेच माप वापरतात. घरातल्या प्रेशर कुकरची शिटी साधारण एक किलोला, म्हणजे १४-१५ पीएसआयला उचलते. हाही गेजच. आतला खरा दाब वातावरणाच्या दुप्पट, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते.

तारकर्ली-मालवणला स्कूबाला जाणाऱ्यांनी मात्र जरा कान द्या. सिलिंडरवरचा मीटर बारमध्ये असला तर भरलेली टाकी २०० दाखवते, पीएसआयमध्ये असला तर ३००० च्या आसपास. पन्नास बार उरले की वर यायचं, असा बऱ्याच ठिकाणी शिरस्ता असतो. ते होतात ७२५ पीएसआय. अमेरिकी पद्धतीत शिकलेला माणूस ५०० पीएसआय म्हणतो, ते ३४ बारच होतात. त्यामुळे पाण्यात शिरण्याआधी जोडीदाराच्या मीटरवर कोणतं माप आहे ते बघून घ्या, खाली गेल्यावर बोटांच्या खुणांनी पीएसआय सांगता येत नाही. आणि इथेही दुसरा प्रश्न आहेच: दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब एक बार, पण वरची हवा धरून एकूण दोन. तुमची फुप्फुसं एकूण दाबावर चालतात, म्हणून तिथे टाकी वरच्यापेक्षा दुप्पट वेगानं संपते.

परत डिकीतल्या त्या छोट्या पंपाकडे. त्याच्यावर एक बटण असतं, दाबलं की पीएसआय, बार, किलोपास्कल आणि किलो असं एकामागून एक फिरतं. नेहमीची तक्रार अशी: "३३ लावलं, पण पंप चालूच होत नाही, खराब निघाला." बघावं तर मशीन किलोपास्कलवर. ३३ किलोपास्कल म्हणजे पाच पीएसआयसुद्धा नाही. टायरमध्ये आधीच पंचवीस आहेत, मग पंप कशाला चालेल? त्याच्या मते काम झालेलं आहे. पंप परत करण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं वाचा. आणि टायरच्या भिंतीवर कमाल दाब म्हणून ३५० किलोपास्कल किंवा ५१ पीएसआय असं काही छापलेलं असतं, ते भरायचं प्रमाण नाही. ती टायरची मर्यादा आहे. भरायचा आकडा दारावरच्या स्टिकरवर असतो. सायकलचं मात्र उलट, तिथे स्टिकर नसतं, टायरवरच किमान-कमाल असा पट्टा दिलेला असतो, बहुधा पीएसआय आणि बार दोन्हीत. त्या पट्ट्याच्या आत राहायचं.

जाता जाता एक प्रयोग. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरताना आकडा बघून ठेवा आणि दहा मजले वर गेल्यावर पुन्हा बघा. एक मजला तीन मीटरचा धरला तर तीस मीटर, म्हणजे आकडा साडेतीन हेक्टोपास्कलच्या आसपास उतरायला हवा. पीएसआयमध्ये हे होतात ०.०५, टायरच्या गेजची सुई हलणारही नाही. तुमच्या इमारतीत किती उतरला त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि सोबत मजल्यांची संख्या लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.